सोडली का?

आमच्या गोडाऊनला कुणी भंगारचं दुकान म्हटलं की माझं डोकं फिरतं. भंगार किलोवर जातं. आम्ही मशिनी विकतो. वापरलेल्या, पण चालू. बंद पडलेल्या छापखान्यातून, बेकरीतून, शर्टांच्या कारखान्यातून उचलून आणायच्या, उघडायच्या, घासायच्या, रंग मारायचा आणि गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवायच्या. चोवीस वर्षं हेच करतेय मी. त्यातली साडेबावीस आमच्या ह्यांच्याबरोबर आणि हे गेल्यापासून दीड वर्ष भाऊजींबरोबर. भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. जन्मभर ट्रान्सपोर्टमध्ये होते, माल भरून गाड्या रवाना करायचं काम. माणूस सरळ, पण काहीही सांगा, मान अशी डोलावतात की समोरच्याला वाटावं, यांना सगळं कळलं.

आता एक गोष्ट सांगते. सांगायची लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कागद कापायच्या मोठ्या मशीनचं, म्हणजे कटरचं, पातं दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली की खाली येतं. आणि तिला एक डोळा असतो. पात्याच्या पुढे दोन्ही बाजूंना दोन खांब. एकातून उजेडाची तिरीप निघते, दुसऱ्यात शिरते. मध्ये हात आला की तिरीप अडते आणि पातं जागच्या जागी थांबतं. पण मशीन जुनी झाली की हा डोळा भलताच हळवा होतो. धूळ उडाली, थांबली. कात्रण उडालं, थांबली. लांबून कुणी शिंकलं तरी थांबते मेली. आणि गिऱ्हाइकासमोर तीनदा थांबली की गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं. म्हणून मशीन दाखवायच्या वेळी आम्ही डोळा बांधतो. मागच्या पेटीत दोन स्क्रूंना एक वायरचा तुकडा लावायचा, दोन टोकांना चिमटे, चिमट्यांवर लाल टेप. मग मशीनला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि ती न अडखळता चालते. समोर हात येवो नाहीतर डोकं येवो, पातं खाली येतंच. सौदा झाला, मशीन निघाली, की चिमटे काढून घ्यायचे. मशीन बांधली, मशीन सोडली. हे शब्द ह्यांचे. बाजारात बाकीचेही असलंच काहीबाही करतात, पण ते सांगून माझं पाप कमी होत नाही.

ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंतच होती. विशीत असताना एका प्रेसखाली गेलेली. म्हणून बांधायचं काम हे कुणाला देत नसत, सोडायचं तर त्याहून नाही. गाडी दाराशी लागली की मी आतून ओरडायचे, "सोडली का?" आणि हे लाल चिमटा हलवून दाखवायचे, "सोडली!" चिमटा मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. हे गेल्यावर बांधणं-सोडणं मी अंगावर घेतलं. मी हजर असले की मीच सोडते. कुठे बाहेर माल बघायला गेलेली असले तर भाऊजींना फोन करते, सोडली का? ते म्हणतात, सोडली.

त्या दिवशी सकाळी मी एका बंद पडलेल्या खोक्यांच्या कारखान्यात माल बघायला गेले होते. आमच्याकडून एक कटर निघायचा होता. घेणारे नवरा-बायको, वह्या बनवायचा धंदा नव्यानेच काढलेला. सव्वादहाला मी फोन केला.

"भाऊजी, सोडली का?"

"सोडली, वहिनी. मघाशीच."

मी निर्धास्त झाले. कारखान्यातला एक पंचिंग प्रेस आवडला, वॉचमनशी हुज्जत घातली, आणि दीडच्या सुमारास गोडाऊनला परत आले. तीन वाजता दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं, छोटा कटर बघायला. तो बांधून ठेवावा म्हणून मी बिस्किटांचा डबा उघडला.

डब्यात चिमटा नव्हता. दोन वॉशर, एक फ्यूज आणि ह्यांचा जुना चष्मा, एवढंच.

"भाऊजी! सकाळचा चिमटा कुठे टाकलात?"

भाऊजी एका शिलाई मशीनला ग्रीस लावत होते. "कुठला चिमटा?"

"अहो, लाल टेपवाला. मोठ्या कटरमधला. सोडलीत म्हणालात ना?"

"सोडली ना. साडेनऊलाच सोडली. ड्रायव्हरला म्हटलं, उन्हाच्या आत पोच. अकराला पोचला पण बिचारा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. काही क्षण डोक्यात काही शिरेचना. मग शिरलं, आणि मी टेबलाचा कोपरा धरला.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही गाडी सोडलीत."

"मग काय, गाडीच सोडणार ना. दुसरं काय सोडायचं?"

पंचवीस वर्षं त्यांनी गाड्याच सोडल्या होत्या. त्यांची काय चूक? मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. मागची पेटी उघडून दाखवली नव्हती, चिमटा हातात दिला नव्हता. नवऱ्याला विचारत होते तोच प्रश्न दिराला विचारत राहिले आणि तेच उत्तर मिळत होतं म्हणून खूश होते. मशीन बांधलेलीच गेली होती.

एवढंच असतं तरी मी इतकी घाबरले नसते. फोन केला असता, म्हटलं असतं, हात लावू नका, मी येते. पण मला परवाचं आठवलं आणि तोंडचं पाणी पळालं.

परवा ते नवरा-बायको मशीन बघायला आले होते. नवरा अबोल, आधी शाळेत चित्रकला शिकवायचा म्हणे. बायको मात्र बडबडी, केसात पेन्सिल खोचलेली, प्रत्येक गोष्टीला हात लावून बघणारी. मशीन फटाफट कापत होती, कारण बांधलेली होती. ती म्हणाली, "ताई, आणि चुकून हात मध्ये गेला तर?"

मी म्हटलं, "थांबते ना. हा डोळा कशाला आहे?"

"खरंच थांबते? बघू?" आणि तिने हात पुढे केलाच. मी झटकन तिचं मनगट धरलं.

"इथे नको गं. इथे धूळ आहे, हा डोळा नीट पुसलेला नाही. घरी लावलीत की बघा."

"बघणारच! पहिलं काम तेच. यांना दोन्ही बटणं दाबायला लावते आणि मी हात घालते. म्हणजे मशीनचीही परीक्षा आणि लग्नाचीही!"

नवरा कानापर्यंत लाल झाला. आम्ही सगळे हसलो. आणि मी, ही मी, या तोंडाने म्हणाले, "बघा की खुशाल."

तेच दोन शब्द आता माझ्या कानात वाजत होते.

फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. चार वेळा वाजून कट झाला. म्हणजे कुणीतरी हाताने कापला. तिसऱ्यांदा लावला तर बंद. मी ड्रायव्हरला फोन केला.

"मशीन केव्हाच उतरली, ताई," तो म्हणाला. जेवत असावा, तोंडात घास होता. "बसवायला वेळ लागला, दारातून आत जाईना. मी निघालो तेव्हा वायरमन जोडतच होता. आता चालू पण झाली असेल. बाई लई खूश. म्हणत होत्या, आधी काहीतरी परीक्षा घ्यायचीये."

माझ्या हातून फोन पडला. भाऊजींनी उचलला, त्यांच्या ग्रीसने तो बरबटला.

"वहिनी, झालं काय? मला जरा समजेल असं सांगाल का?"

"स्कूटरवर सांगते. चला!"

गोडाऊनचं कुलूप लावलं की नाही, मला आजही आठवत नाही. मी चालवत होते, भाऊजी मागे, एका हाताने सीट धरून, दुसऱ्या हाताने त्या नंबरला पुन्हा पुन्हा फोन लावत. मी ओरडून ओरडून सांगत होते, बांधणं म्हणजे काय, सोडणं म्हणजे काय. वाऱ्यात निम्मं उडून जात होतं. शेवटी एका सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आपटला.

"म्हणजे हात घातला तर..."

"बोलू नका! तोंडातून काढू नका ते! फोन लावा."

"बंदच येतोय."

"मग परत लावा. बंद येतोय म्हणून काय बसून राहणार?"

माझा राग त्यांच्यावर नव्हता. भीती वाटली की मी चिडते, हे ह्यांना माहीत होतं. त्या वेळी मला इतकी भीती वाटत होती की पायाखालचा ब्रेक मला जाणवत नव्हता. डोक्यात एकच चित्र. तो अबोल माणूस, दोन्ही हात दोन बटणांवर, बायको हसतेय, आणि त्याचा तिच्यावर विश्वास, तिचा माझ्यावर. बटणं त्यानेच दाबलेली असणार. तो उरलेलं आयुष्य कसं काढेल? आमच्या ह्यांची बोटं गेली तेव्हा प्रेस चालवणारा त्यांचा जिवलग मित्र होता. तो पुन्हा कधी आमच्या दाराशी आला नाही, लग्नालासुद्धा नाही.

पुलापाशी रस्ता खणून ठेवलेला. फलक लावलेला, काम चालू. काम कुणी करत नव्हतं, फक्त खड्डा होता. मी फुटपाथवरून स्कूटर घातली. एक आजोबा काठी उगारून ओरडले, "बाई, डोळे फुटले काय?" मी म्हटलं, "हो!" आणि पुढे गेले. पुढच्या चौकात शाळा सुटलेली. चाळीसएक पोरं एकमेकांचे हात धरून रस्ता ओलांडत होती, मागेपुढे एकेक बाई, आणि ती ओळ काही केल्या संपेना. सगळे हात, बारके बारके. मला बघवेना. मी स्कूटरच्या काट्याकडे बघत बसले. मागून भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, सव्वादोन झाले."

"मला घड्याळ कळतं."

"तसं नाही. म्हटलं, जेवायची वेळ आहे. जेवून करू म्हणाले असतील."

तो माणूस मला धीर देत होता. ज्याच्यावर मी वाटभर खेकसत आले होते तोच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

बायकोने पत्ता सांगितलेला आठवत होता, सायकलवाल्याच्या शेजारी, निळं शटर. गल्ली अरुंद, दोन्हीकडे छोटे छोटे कारखाने, कुठे पत्रा कापणारे, कुठे फर्निचरवाले. निळं शटर दिसलं. अर्ध्याहून जास्त खाली ओढलेलं. आणि खालून आवाज येत होता.

आमची प्रत्येक मशीन मला आवाजावरून ओळखू येते. त्या कटरच्या पंपाचा आवाज जरा घोगरा होता, आम्ही तेल बदलूनही गेला नव्हता. तो घोगरा आवाज चालू होता. मग कागद दाबणारी पट्टी खाली आली, धप्प. मग पातं. मग पट्टी वर गेली. आणि आत कुणीतरी हसलं, नाहीतर ओरडलं. मला सांगता येईना.

शटर ठोकून उपयोग नव्हता, त्या आवाजात ऐकू येणार नाही. खालून वाकून आत जायचं, तर आत काय दिसेल कुणास ठाऊक. खरं सांगते, मी एक पाऊल मागे घेतलं. मग मला भिंतीवरचा मीटरचा बोर्ड दिसला. सायकलवाल्याच्या आणि यांच्या मध्ये, चार मेन स्विच एका रांगेत, कुठला कुणाचा काही लिहिलेलं नाही. मी चारही खाली ओढले.

गल्लीतला निम्मा आवाज एकदम बंद झाला. सायकलवाला हातात वेल्डिंगची काळी काच घेऊन बाहेर आला. "ओ बाई! ही काय मस्करी आहे? माझं वेल्डिंग चालू होतं ना!"

"भाऊजी, यांना धरून ठेवा, स्विचला हात लावू देऊ नका," मी म्हटलं, आणि शटरखालून गुडघ्यांवर आत शिरले.

आत मागच्या खिडकीतून थोडा उजेड येत होता. नवरा मशीनपुढे उभा, दोन्ही हातांचे अंगठे अजून दोन्ही बटणांवर. त्याच्या बाजूला तीन पायांच्या स्टँडवर मोबाईल उभा केलेला, मशीनकडे तोंड करून. आणि ती, बायको, त्याच्या शेजारी. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मनगटावरचं घड्याळ काढून बाजूच्या कागदाच्या गठ्ठ्यावर ठेवलेलं. हात मशीनच्या कडेवर टेकवलेला, बोटं पुढे.

"अगं बाई, ताई तुम्ही?" ती म्हणाली. "लाइट गेले बघा नेमके. दोन गठ्ठे कापून झाले, आणि आता परीक्षाच घेणार होते मी. यांनी तर व्हिडिओ लावलाय. तुमचा फोन मध्ये मध्ये येऊन सगळं बिघडवत होता, म्हणून फोन येणारच नाही असं काहीतरी केलं यांनी."

मी तिचा हात धरला. दोन्ही हातांनी. एकेक बोट धरून बघितलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जणू मीच तिची आई. मग मी तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि रडायला लागले. मी कुणासमोर रडत नाही. ह्यांच्या वेळेलासुद्धा लोकांसमोर रडले नव्हते.

"ताई, काय झालं? पाणी देऊ का?"

"नको. स्क्रूड्रायव्हर द्या."

मी मागची पेटी उघडली. लाल चिमटा होता तिथेच होता, दोन स्क्रूंना घट्ट. मी तो काढला. दुसरं टोक निघायला वेळ लागला. नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. चित्रकलेचा माणूस, नजर बारीक.

"हे काय काढलंत?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच बोलला तो.

काहीही सांगता आलं असतं. पॅकिंगचं आहे, गाडीत हलू नये म्हणून लावतो, असलं. तोंडावर आलंच होतं. पण तिची दुमडलेली बाही समोर होती.

"याने डोळा बंद होतो," मी म्हटलं. "मशीन दाखवताना आम्ही लावतो, म्हणजे ती सारखी थांबत नाही. पाठवायच्या आधी काढायचा असतो. राहिला. तुम्ही हात घातला असतात तर थांबली नसती."

बाहेर सायकलवाला भाऊजींशी भांडत होता तेवढाच आवाज. नवऱ्याने आपले दोन्ही अंगठे बघितले. मग खिशात घातले, दोन्ही हात, आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. त्याचे खांदे हलत होते.

बायकोने बाही खाली केली. बटण लावलं. घड्याळ घातलं, त्याचा पट्टा तिला लागेना, दोनदा सुटला. मग ती म्हणाली, "मी तिथे हात पुढे केला तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं, किती काळजी आहे बाईंना."

"हो."

"आणि मग म्हणालात, घरी बघा खुशाल."

"हो," मी म्हटलं. "म्हणाले मी." दुसरं काय सांगणार होते? तिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी हूं की चूं केलं नसतं. तिने मारल्या नाहीत. ते जास्त लागलं.

मी भाऊजींना हाक मारली. त्यांनी स्विच वर केले, सायकलवाल्याचं तोंड बंद झालं, आणि शटर उचलून ते आत आले. मी पुठ्ठ्याची एक लांब गुंडाळी केली, स्वतः बटणं दाबली आणि भाऊजींना गुंडाळी पुढे सरकवायला लावली. पातं निम्म्यावर थांबलं. पुन्हा केलं. थांबलं. पाच वेळा केलं. सहाव्यांदा गुंडाळी नव्हतीच, नुसतं एक कात्रण उडालं, तरी थांबलं.

"ही अशी आहे," मी म्हटलं. "खरी अशी आहे. दिवसातून दहादा विनाकारण थांबेल. नको असेल तर आत्ता परत नेते."

"थांबू दे," ती म्हणाली. "शंभरदा थांबू दे." मग तिने भाऊजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, तुमच्याकडून अशा अजून कुणी कुणी नेल्या?"

"नेल्या पुष्कळ. पण मी स्वतः असते ना. मीच काढते. आज बाहेर होते म्हणून..." असं म्हणता म्हणता माझी जीभ थांबली.

बिस्किटांचा डबा माझ्या डोळ्यांसमोर आला. दीड वर्षांपूर्वी त्यात पाच चिमटे होते. हे गेले तेव्हा मी स्वतः मोजले होते, त्यांच्या हातचे म्हणून. आता एक माझ्या हातात होता. एक गोडाऊनमध्ये दुसऱ्या मशीनला लावलेला. मधे मधे चिमटे दिसत नव्हते तेव्हा मी म्हणत होते, भाऊजींना वस्तू जागेवर ठेवायची सवयच नाही.

भाऊजी शटरपाशी उभे होते. ग्रीसचे हात पँटला पुसत होते, पुसतच होते. त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही नसताना मी अजून तीन सोडल्यात."

वहीवाल्याच्या स्टँडवरचा मोबाईल अजून चालूच होता, त्यात हे सगळं आलं असणार. मी भाऊजींकडून माझा फोन घेतला. तीन नावं मला तोंडपाठ होती. गेल्या थंडीत खोकीवाले बापलेक. त्यानंतर पत्रिका छापणाऱ्या दोघी बहिणी. आणि सगळ्यात पहिली, हे जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा गेलेली, त्या दिवशी मी ह्यांच्या कागदपत्रांसाठी ऑफिसात रांगेत उभी होते आणि रांगेतूनच विचारलं होतं, सोडली का? ती एका पाकीटवालीला. एकटी बाई, शिफ्टला चार पोरी कामाला.

आधी तिला लावला. बायकोने माझ्या हातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि आमच्या मधोमध धरला. घंटा वाजली. एक, दोन, तीन. मागे मशीनचा आवाज, धप्प, आणि मग तिचा, मोठा, हसरा.

"अय्या, तुम्ही! किती दिवसांनी हो! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, आत्ताच तुमचं नाव काढलं होतं."

"ताई, कटर कसा चालतोय?" मी विचारलं.

"विचारू नका! कुणी आलं की तुमचंच नाव सांगते मी. मशीन द्यावी तर यांनी. दीड वर्षात एकदा, अहो एकदासुद्धा थांबली नाही बघा!"

मागे पुन्हा पट्टी खाली आली, धप्प. कुणीतरी पोरगी काहीतरी बोलली, दुसरी खळखळून हसली.

"ताई, मशीन बंद करा," मी म्हटलं. "आत्ता. आधी पोरींना म्हणावं, हात बाहेर काढा."

"काय म्हणालात? आवाजात ऐकू येत नाही हो!"